यंत्राला मेंदू दिसतो, मन दिसते काय?

(अभ्यासपाठ : घुग्घुस व परिसरातील बौद्ध कुटुंबांसाठी)



घुग्घुस हे आपले कोळशाच्या खाणींचे गाव. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात येथील आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गेले. खाली फार वर्षांपूर्वी कोळसा काढून घेतलेली जुनी भूमिगत खाण होती, आणि तिच्या पोकळीवर वस्ती उभी होती. तेथे कोणाचा कोप झाला नव्हता की कोणाची दृष्ट लागली नव्हती. कारण होते, पण ते जमिनीखाली होते म्हणून डोळ्यांना दिसत नव्हते.

माणसाच्या डोक्याचेही असेच आहे. कालपर्यंत धडधाकट असलेला पोरगा एकाएकी जमिनीवर पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. पाळीवरून घरी आलेल्या माणसाचे तोंड वाकडे होते आणि शब्द बोबडे पडतात. एखादी सासुरवाशीण रात्री-अपरात्री ओरडत उठते. बाहेरून कवटी जशीच्या तशी असते. आत काय बिघडले ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याचा अर्थ सांगायला भगत, जाणता, मांत्रिक तयारच असतात. करणी, भानामती, अंगात येणे हे शब्द आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात अजून मेलेले नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात दलित माणसांना बांधून मारण्यात आले. त्यांत स्त्रिया होत्या, म्हातारी माणसे होती. ज्या चांद्याला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः येऊन धम्मदीक्षा दिली, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट आहे.

म्हणून डोक्याच्या आत काय चालते आणि ते आज कसे पाहता येते, हे प्रत्येक बौद्ध कुटुंबाने समजून घेतले पाहिजे. या पाठात आपण तेच पाहणार आहोत. आणि यंत्राचीही पूजा होऊ नये म्हणून, यंत्राला काय दिसत नाही हेही पाहणार आहोत.

१. मेलेल्या माणसापासून जिवंत माणसापर्यंत

माणसाचा मेंदू वजनाने सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान असतो. शरीराच्या वजनाचा तो जेमतेम पन्नासावा भाग. पण शरीराला लागणाऱ्या एकूण शक्तीपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना विजेच्या अतिसूक्ष्म लहरींनी आणि रसायनांनी निरोप देतात. आपण पाहतो, ऐकतो, आठवतो, रागावतो, प्रेम करतो, तेव्हा या पेशींचे काम चाललेले असते.

पूर्वी हे काम पाहण्याचा मार्ग एकच होता : माणूस मरेपर्यंत थांबणे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरापुढे एक रोगी आला. त्याला दुसऱ्याचे बोलणे समजत असे; पण त्याच्या स्वतःच्या तोंडून ‘टॅन’ एवढाच आवाज निघे. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा झालेली आढळली. बोलण्याची शक्ती मेंदूच्या विशिष्ट भागाशी बांधलेली आहे हे त्यावरून जगाला कळले. घर खचल्यावर खालची पोकळी कळावी, तसाच हा प्रकार होता. कळले खरे, पण त्या बिचाऱ्याला त्याचा उपयोग झाला नाही.

जिवंत माणसाच्या कवटीत न फोडता डोकावणे विसाव्या शतकात शक्य झाले. जर्मनीतील हान्स बर्गर याने १९२४ साली डोक्याच्या कातडीवर तारा लावून मेंदूतील विजेच्या लहरी कागदावर उमटवल्या. त्यालाच आज ईईजी म्हणतात. फिटच्या रोग्याची जी ‘पट्टी काढतात’ ती हीच. पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाऊन्सफील्डच्या यंत्राने पहिल्यांदा एका रोगी बाईच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. क्ष-किरण निरनिराळ्या बाजूंनी डोक्यातून पाठवायचे आणि संगणकाने हिशेब करून काप केल्यासारखे चित्र तयार करायचे, अशी ही युक्ती. १९७९ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर एमआरआय आले. यात क्ष-किरण नसतात. मोठे लोहचुंबक असते. नेहमीच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे तीस हजार पट असते. म्हणूनच आत जाण्यापूर्वी अंगावरचे लोखंड-धातू काढायला लावतात आणि हृदयात पेसमेकर आहे काय, शरीरात सळई आहे काय, हे विचारतात. विचारले तर खरे सांगावे. आत धडधड असा मोठा आवाज होतो, पण तो यंत्राचा असतो. त्याने डोक्याला इजा होत नाही.

२. रक्ताची चाहूल

आतापर्यंत सांगितलेल्या सीटी आणि एमआरआय चित्रांत मेंदूची घडण दिसते : गाठ आहे काय, रक्त साकळले काय, सूज आहे काय. पण मेंदू काम करताना कसा दिसतो? हा पुढचा प्रश्न.

त्याचे उत्तर रक्तात सापडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील अँजेलो मोस्सो याच्याकडे बर्टिनो नावाचा एक शेतकरी होता. अपघाताने त्याच्या कवटीला भोक पडले होते आणि तेथून मेंदूची धडधड दिसत असे. देवळाची घंटा वाजली, किंवा त्याला मनात गुणाकार करायला सांगितला, की ती धडधड वाढे. मोस्सोने ताडले की मेंदू कामाला लागला की त्याच्याकडे रक्त अधिक धावते.

आता रक्ताकडे पाहू. रक्ताचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. विदर्भातील आपल्या समाजाला हे नाव नवे नाही, कारण सिकलसेल हा आजार याच हिमोग्लोबिनच्या दोषाने होतो. लायनस पॉलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवून दिले की प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन यांचे चुंबकाशी वागणे वेगळे असते. त्याच पॉलिंगने १९४९ साली सिकलसेलचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे सिद्ध केले. पुढे १९९० साली सेईजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने चुंबकाशी वागण्यातला हा फरक एमआरआय यंत्राने टिपता येतो असे दाखवले, आणि १९९२ पर्यंत माणसाच्या काम करणाऱ्या मेंदूची चित्रे निघू लागली. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तेथे गरजेपेक्षा जास्त ताजे रक्त येते. चुंबकाचा संकेत किंचित बदलतो. संगणक तो बदल रंगाने दाखवतो. या पद्धतीला कार्यदर्शी एमआरआय म्हणू.

खाणीतल्या माणसाला हे एका उदाहरणाने समजेल. समजा, तुम्हाला खाणीत उतरू दिले नाही. काट्याजवळ उभे राहून कोणत्या बाजूला किती डंपर गेले एवढेच मोजायचे आहे. त्यावरून आज कोठे काम जोरात आहे हे तुम्ही सांगू शकाल. पण तेथले कामगार आपसांत काय बोलत आहेत, कोण खूश आहे, कोणाचे भांडण झाले, हे डंपर मोजून कळेल काय? नाही. कार्यदर्शी एमआरआय असाच डंपर मोजतो. त्याला विचार दिसत नाही; विचाराच्या वेळी धावलेले रक्त दिसते. तेही उशिरा : पेशी क्षणार्धात काम करून मोकळ्या होतात आणि रक्ताची भरती पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचते. चित्रातला एक ठिपका म्हणजे बहुधा तीन मिलिमीटर बाजूचा घन असतो, आणि त्या एवढ्याशा जागेत काही लाख चेतापेशी असतात. हे ध्यानात ठेवावे.

या चित्रांचा उपयोग मात्र मोठा आहे. मेंदूतील गाठ काढण्यापूर्वी रोग्याला यंत्रात झोपवून शब्द आठवायला, बोटे हलवायला सांगतात. बोलण्याचा आणि हात हलवण्याचा भाग कोठे आहे ते आधी कळले म्हणजे शल्यवैद्याला तो सांभाळून हत्यार चालवता येते.

३. मेलेला मासा आणि हिशेबाची चूक

तथागतांनी कालामांना शिकवले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, तपासून घ्या. हा नियम भगताला लागू आहे आणि यंत्रालाही लागू आहे. शास्त्रज्ञांनी तो स्वतःच यंत्राला लावला, त्याची ही हकिकत.

२००९ साली क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला. त्याला माणसांची चित्रे ‘दाखवली’ आणि चित्रातल्या माणसाला काय वाटत असेल ते ओळखण्यास ‘सांगितले’. मग नेहमीच्या रीतीने हिशेब केला. मेलेल्या माशाच्या मेंदूत काही ठिपके कामाला लागल्यासारखे उजळले!

मासा विचार करत नव्हता. हिशेबात खोट होती. मेंदूच्या चित्रात हजारो ठिपके असतात आणि प्रत्येकाची वेगळी तपासणी होते. समजा, एक हजार माणसांना प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवायला सांगितले. त्यांत एखाद्याचा दहाही वेळा छापा पडण्याचा संभव चांगलाच असतो. त्या माणसात सिद्धी नसते. माणसे पुष्कळ आहेत म्हणून तसे घडते. तसेच हजारो ठिपके तपासले की काही ठिपके निव्वळ योगायोगाने उजळतात. ही खोट काढण्याची गणिती रीत आहे. ती वापरताच माशाचे ठिपके विझले.

भगताचे सारे बळ याच खोटेवर उभे असते. शंभर माणसांना तो अंगारा देतो. त्यांतील पुष्कळ जण आपोआप बरे व्हायचे असतात. बरे झालेले नवस फेडायला येतात, बाकीचे येत नाहीत. जे आले त्यांची गोष्ट गावभर होते. न आलेल्यांचा हिशेब कोण ठेवतो? विज्ञानात आणि भगतगिरीत फरक असेल तर तो यंत्राचा नाही. विज्ञान न आलेल्यांचाही हिशेब मांडते, आणि आपली खोट आपणच चारचौघांत उघडी करते.

४. शिकल्याने मेंदू बदलतो

आता आपल्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येऊ.

शेकडो वर्षे आपल्या पूर्वजांना सांगितले गेले की अक्षर तुमच्यासाठी नाही. पुढे युरोप-अमेरिकेत काहींनी या विचाराला विज्ञानाचा वेष चढवला. सॅम्युएल मॉर्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने कवट्यांत आधी बी-बियाणे आणि मग शिशाच्या गोळ्या भरून त्यांची मापे घेतली, आणि १८३९ साली ग्रंथ लिहून माणसांच्या वंशांची उतरंड लावली. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले याने हिंदुस्थानात नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावण्याचा खटाटोप केला. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील आपल्या ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे पुढे घेतले आणि त्यांच्याच आधारे दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे निराळे वंश नाहीत. विरोधकाच्या काट्यावरच त्याचा माल तोलण्याची ही रीत आपण शिकावी.

आजची यंत्रे काय सांगतात? मेंदूच्या चित्रावरून कोणाचीही जात सांगता येत नाही. मात्र मेंदूला काय मिळाले याच्या खुणा त्यात दिसतात, आणि त्यांतील एक मोठी खूण म्हणजे अक्षरज्ञान.

२०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लखनौजवळच्या खेड्यांत झाला. लखनौ व हैदराबाद येथील आणि युरोपातील शास्त्रज्ञ त्यात होते. तिशीच्या आसपासची निरक्षर माणसे त्यांनी निवडली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले. तीच देवनागरी, जिच्यात हा पाठ तुम्ही वाचत आहात. शिकवण्यापूर्वी आणि शिकवल्यानंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. त्याच समाजातील काही निरक्षर माणसे न शिकवता तुलनेसाठी ठेवली होती. सहा महिन्यांत शिकणारी माणसे सुमारे पहिलीच्या मुलाएवढे वाचू लागली. आणि त्यांच्या मेंदूत बदल आढळला. तो केवळ वरच्या थरात नव्हता. डोळ्यांनी पाहिलेले पुढे पाठवणारे, मेंदूच्या खोल गाभ्यातील अतिप्राचीन भाग पाहण्याच्या केंद्राशी अधिक ताल धरून काम करू लागले होते. न शिकवलेल्यांच्या मेंदूत असा बदल दिसला नाही.

शिकणाऱ्यांची संख्या २१ होती. म्हणजे प्रयोग लहान होता आणि तसाच तो वाचला पाहिजे. पण तो एकटा नाही. २०१० साली फ्रान्सच्या स्टानिस्लास देहाने याने ब्राझील आणि पोर्तुगालमधील ६३ माणसांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत निरक्षर होते, लहानपणी शाळा शिकलेले होते, आणि मोठेपणी अक्षर शिकलेलेही होते. मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही वाचनामुळे होणारे बहुतेक बदल झालेले आढळले.

याचा अर्थ सरळ आहे. अक्षर एखाद्या जातीच्या मेंदूत जन्मतः लिहिलेले नसते. माणसाने लिपी शोधून काढल्याला जेमतेम पाच हजार वर्षे झाली. तेवढ्यात कोणाच्याही मेंदूत वाचनासाठी वेगळा अवयव उगवलेला नाही. प्रत्येक मूल पाहण्याच्या आणि बोलण्याच्या जुन्याच भागांना नवे काम शिकवते. ब्राह्मणाच्या मुलालाही तेच करावे लागते आणि खाणीतल्या मजुराच्या मुलालाही. एकाला पिढ्यान् पिढ्या संधी मिळाली, दुसऱ्याला नाकारली गेली, एवढाच फरक. म्हणून ‘आता या वयात काय शिकू’ असे म्हणणाऱ्या आपल्या आया-बहिणींना लखनौच्या त्या बायांची गोष्ट सांगा.

५. ध्यानाबद्दल अतिशयोक्ती नको

आपल्यातील काही बंधू अभिमानाने म्हणतात की ध्यानाने मेंदू बदलतो हे विज्ञानाने सिद्ध केले. यात तथ्य किती?

२००४ साली अमेरिकेत रिचर्ड डेव्हिडसन आणि अँटोइन लुट्झ यांनी आठ तिबेटी साधकांच्या मेंदूतील विजेच्या लहरी मोजल्या. त्यांनी दहा हजार ते पन्नास हजार तास ध्यान केलेले होते. करुणेचे ध्यान करताना त्यांच्या मेंदूत ठराविक वेगाच्या लहरी नवशिक्या विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी जोरदार उमटल्या. हे खरे आहे. पण ध्यानामुळे तसे झाले की मुळात तसा मेंदू असलेली माणसेच ध्यानाकडे वळली, हे त्या एका प्रयोगाने ठरत नाही.

२०११ साली सोळा माणसांवरील एका अभ्यासात आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूच्या काही भागांची घडण वाढल्याचे आढळले आणि जगभर गाजावाजा झाला. मग २०२२ साली डेव्हिडसनच्याच प्रयोगशाळेने दोनशेहून अधिक माणसांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि काटेकोर तुलना केली. तेव्हा आठ आठवड्यांत घडणीत असा काही बदल आढळला नाही. ध्यानावर प्रेम करणाऱ्या शास्त्रज्ञानेच हे छापले, यात त्याचा मोठेपणा आहे.

तेव्हा ध्यान करावे ते चित्त स्थिर होते म्हणून, राग आवरतो म्हणून, दारूपासून दूर राहण्यास बळ मिळते म्हणून. त्याची पारख आपल्या वागणुकीत होते. मेंदूत आत्म्याची किंवा कोण्या धन्याची वेगळी खोली सापडलेली नाही. अनेक भागांच्या मेळाने सारे चालते, हेही खरे. ते अनात्मवादाशी जुळणारे आहे. पण यंत्राने अनात्मवाद सिद्ध केला असे मात्र म्हणू नये. यंत्र जे मोजते त्याबद्दलच बोलते. धम्माला उधारीच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

६. पुण्याचा खटला आणि संविधानाची ढाल

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेपेची शिक्षा दिली. निकालात ‘ब्रेन मॅपिंग’च्या अहवालाचा आधार घेतलेला होता. आरोपीच्या डोक्यावर तारा लावून गुन्ह्याशी संबंधित वाक्ये ऐकवायची, आणि तिला ते ‘अनुभवाने आठवते’ की नुसते ऐकून माहीत आहे, हे विजेच्या लहरींवरून संगणकाने सांगायचे, अशी ती पद्धत. साऱ्या जगात या निकालाची चर्चा झाली.

ही पद्धत पुरेशी पारखलेली होती काय? बंगलोरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २००८ मध्येच सांगितले की ती शास्त्रीय कसोटीला उतरत नाही आणि पुरावा म्हणून तिचा वापर थांबवावा. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निकाल दिला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन हे त्या खंडपीठाचे प्रमुख होते. दलित समाजातून त्या पदावर पोहोचलेले ते पहिले न्यायमूर्ती. माणसाच्या संमतीशिवाय त्याची नार्को, खोटे पकडण्याची किंवा मेंदूच्या लहरींची चाचणी करता येणार नाही. तसे करणे संविधानाच्या अनुच्छेद २० (३) आणि २१ यांचा भंग होय, असे न्यायालयाने ठरवले. संमतीने चाचणी झाली तरी तिचा निष्कर्ष हा आपोआप पुरावा ठरत नाही, हेही स्पष्ट केले.

अनुच्छेद २० (३) म्हणजे काय? आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, त्या संविधानाने माणसाच्या मनाच्या दाराला अशी कडी लावून ठेवली आहे. पोलीस ठाण्यात गरिबालाच आधी बोलावले जाते, हे आपणांस सांगायला नको. म्हणून हा हक्क पाठ करून ठेवावा : कोणी ‘मशीन लावून खरे काढू’ म्हणाले, तर संमती देणे बंधनकारक नाही आणि वकिलाचा सल्ला मागता येतो.

७. घरात काय करावे

पहिली गोष्ट मिरगीची, म्हणजे फिटची. फिट आली की रोग्याला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला कराव्या, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, जोडा-कांदा हुंगवू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठावा. नियमित औषधाने सुमारे १०० पैकी ७० रोग्यांच्या फिट थांबू शकतात. आपल्या देशात फिटचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूत शिरलेली डुकराच्या पट्टकृमीची अळी. ती सीटी किंवा एमआरआयमध्ये स्पष्ट दिसते. या कृमीची अंडी घाण पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून आणि हातांतून पोटात जातात. ज्याने जन्मात डुकराचे मांस खाल्ले नाही त्यालाही ती होते. भूत चित्रात कधी दिसले नाही. अळी दिसली, आणि तिच्यावर औषध आहे.

दुसरी गोष्ट लकव्याची. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तेल चोळत किंवा झाडपाला बांधत बसू नये. मेंदूत रक्ताची गाठ अडकली की रक्त फुटले, हे सीटी काढल्याशिवाय कळत नाही, आणि दोहोंचे उपचार उलट आहेत. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून लक्षण किती वाजता दिसले ते लक्षात ठेवा आणि सीटीची सोय असलेले रुग्णालय लगेच गाठा.

तिसरी गोष्ट सिकलसेलची. या आजाराच्या लहान मुलांनाही लकवा होऊ शकतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील रक्ताचा वेग सोनोग्राफीसारख्या साध्या, न दुखणाऱ्या तपासणीने मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिल्याने पहिल्या लकव्याचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटते, हे १९९८ साली अमेरिकेतील मोठ्या प्रयोगाने दाखवले. सिकलसेलचे दोन ते सोळा वर्षांचे मूल घरात असेल तर या तपासणीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

चौथी गोष्ट अंगात येण्याची. ज्यांना झटके येतात पण विजेच्या पट्टीत मिरगी दिसत नाही, अशीही माणसे असतात. ती ढोंगी नसतात. मनावरचा असह्य ताण शरीरातून बाहेर पडतो. पुष्कळदा ती घरात छळ सोसणारी सून असते. तिला मानसोपचार द्यावा, आणि घरात तिच्या वाट्याला काय येते ते आपण आपल्याला विचारावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, हे विसरू नये.

पाचवी गोष्ट नव्या भगतांची. ‘मिडब्रेन’ जागृत करून मुलाला डोळे बांधून वाचायला लावतो, बोटांचे ठसे पाहून मुलाच्या मेंदूचा कल सांगतो, असे म्हणणारे कोट-टाय घालून येतात आणि हजारो रुपये घेतात. डोळे बांधून वाचणारी मुले पट्टीच्या फटीतून नाकाजवळून पाहतात. या दाव्यांना शास्त्राचा आधार नाही. त्या पैशांत मुलांसाठी पुस्तके येतात आणि दूध-अंडी येतात. वाढत्या मेंदूला तीच लागतात.

घरी बसून चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. कार्यदर्शी एमआरआयला विचार दिसतो की रक्त? डंपरच्या उदाहरणाने मुलांना समजावून सांगा.

२. मेलेल्या माशाच्या प्रयोगावरून भगताच्या ‘गुणा’बद्दल कोणता प्रश्न विचारता येईल?

३. आपल्या वस्तीत वाचता न येणाऱ्या किती बाया आहेत? त्यांना शिकवायला सायंकाळचा एक तास कोण देईल?

४. अनुच्छेद २० (३) मध्ये कोणता हक्क आहे?

५. आपल्या घरी सिकलसेलची तपासणी कोणाकोणाची झाली आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर नावानिशी लिहून येत्या पौर्णिमेला विहारात आणावे.

जय भीम!